कडू लागलं की पटतं

पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी यकृताचं टॉनिक तपासायचो. बाटलीवर भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा अशी नावं आणि शेजारी हिरवीगार पानं. गोदामात यायचा तो माल मात्र तपकिरी, गोणीत कोंबलेला, त्यात बरीचशी मातीच. कुटकीच्या मुळातला जो कडू अंश यकृताला जपतो म्हणतात, तो माझ्या चाचणीत दर खेपेला कमी भरायचा. मालक म्हणायचे, "काडेचिराईत वाढवा. कडू लागलं की लोकांना पटतं."

आणि पटायचंही! आमच्या लोकांचं आयुर्वेदाचं ज्ञान जिभेपुरतं. तोंड वाकडं झालं की औषध लागू पडलं. मी काडेचिराईत वाढवायचो आणि रिपोर्टवर सही ठोकायचो.

थोरला भाऊ तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. दिवसभर पाठीवर गोण्या, संध्याकाळी दारू. डॉक्टरांनी बजावलं होतं, दारू सोडा, नाहीतर यकृत हातचं जाईल. वहिनी कोपरखैरण्याहून खास माझ्या घरी आल्या. "भावजी, तुमच्या कंपनीतलं कायतरी द्या की."

बाटलीत काय आहे ते मला ठाऊक होतं. तरी दिल्या, महिन्याला दोन. घरात माझा भाव वधारला होता आणि ते मला आवडत होतं, एवढंच त्यामागचं शास्त्र.

दादा टॉनिक मात्र नेमाने घ्यायचा. आधी बाटली कपाळाला लावून दोन चमचे टॉनिक, मग दारूचा ग्लास. सोबतच्या टोळीलाही पाजायचा. "घ्या रं, भाऊ केमिस्ट हाय माझा." त्याचा हा थाट मी ऑफिसात नक्कल करून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचो. काय अडाणी माणूस, म्हणायचो.

मग त्याचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. वाशीच्या इस्पितळात डॉक्टर त्याच्यावर चिडलेच. "एवढं सांगूनही दारू का सोडली नाहीत?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. तक्रार म्हणून नव्हे. चक्क अभिमानाने.

"सोडायची कशाला, डॉक्टर? ह्यो सोता तपासून औषध देत हुता की."

वहिनी माझ्याकडे वळल्या. औषध चांगलं आहे ना, असं त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.