गारवामामा

गारवामामा घरात आले की आधी कुणाशीच बोलत नसत. चपला दाराबाहेर काढून सरळ मनीच्या खोलीत जायचे, खिडकीतल्या एसीच्या अंगावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मिनिटभराने हात काढून म्हणायचे, "हं. आता बोला. कसे हाय समदे?"

मनी माझी धाकटी बहीण. तिला जन्मापासून घामच येत नसे. घाम नाही म्हणजे अंग निवायला वाटच नाही. चैत्र लागला की तिचं कपाळ तव्यासारखं तापायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हिला गार खोलीत ठेवा, बाकी औषध नाही. ओल्या फडक्यांवर आणि कूलरवर चार उन्हाळे कसेबसे काढल्यावर बाबांनी एक जुना खिडकीचा एसी मिळवला. नव्वदीच्या दशकात नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत तो पहिलाच. तो बसवायला देवळाली कॅम्पातून लुनावर बसून हे गृहस्थ आले. मूळचे देवळ्याकडचे, सगळी नोकरी कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये काढलेली. मनीनेच त्यांचं गारवामामा असं नाव ठेवलं, आणि त्यांचं खरं नाव आम्ही विसरून गेलो.

त्यांच्या खिशात कायम दोन थर्मामीटर असत. एक आत ओढल्या जाणाऱ्या हवेत धरायचे, दुसरा बाहेर येणाऱ्या हवेत. मधला फरक दहा-बारा अंश भरला की मान डोलवायचे. कमी भरला की जाळी काढून धुवायचे, मागच्या पत्र्यांत अडकलेली धूळ दात घासायच्या ब्रशाने काढायचे आणि पुन्हा मोजायचे. "गार वाटतंय, असं नाय म्हणायचं," ते आईला सांगायचे. "वाटण्यावर भरवसा नाय, ताई. मोजायचं."

पण एसीचा आवाज फार होता. त्याची मागची बाजू शेजारच्या जोशीआजोबांच्या खिडकीसमोर यायची, आणि त्यांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता. दुपारचा डोळा लागत नाही म्हणून त्यांनी आधी विनंती केली, मग सोसायटीत अर्ज दिला. एसी काढावा लागला तर मनीचं काय, या काळजीने आई जेवेना. गारवामामा आले ते एसीकडे न बघता थेट जोशीआजोबांच्या घरी गेले आणि त्यांच्या पलंगावर तासभर आडवे झाले. परत येऊन म्हणाले, "आवाज आपल्या घरात नाय ऐकायचा. ज्याला सोसावा लागतो, त्याच्या घरात ऐकायचा."

मग दोन दिवस काम चाललं. एकमेकींना घासणाऱ्या तांब्याच्या नळ्या त्यांनी अलगद दूर केल्या. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून चौकटीखाली सरकवले. पंख्याचं एक पातं वाकलं होतं, ते सरळ केलं. मनी स्टुलावर बसून बघत होती.

"मामा, मशीन आजारी आहे का?"

"नाय गं मने. नुसतं कण्हत होतं. कुठं दुखतंय ते कुणी विचारलंच नव्हतं त्याला."

जोशीआजोबांनी अर्ज मागे घेतला. पुढे सहा-सात वर्षं तो एसी नुसता गुणगुणत राहिला आणि मनी वाढत राहिली. दर संक्रांतीनंतर मामा न बोलावता यायचे. "उन्हाळा यायच्या आधी आपण यावं," म्हणायचे.

मनी अकरा वर्षांची असताना मे महिन्यातल्या एका दुपारी तिला हुडहुडी भरली. मी कॉलेजात होते, बाबा कामावर. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. दवाखान्यातून मी कपडे आणायला घरी आले, तेव्हा मनीच्या पलंगावर जाड चादर पडली होती आणि एसीचं बटण बंद होतं. पोर थंडीने काकडतेय म्हणून आईनेच ते बंद केलं होतं, तिला पांघरूण घातलं होतं आणि तिला कुशीत घेऊन पडली होती. तो ताप चढण्याचा काटा होता, हे तिला कळलं नाही. आईचा डोळा लागला. जाग आली ती मनीच्या झटक्यांनी.

हे मला ती चादर आणि ते बटण बघून कळलं. आई मात्र सगळ्यांना सांगत होती, "मशीन बंद पडलं हो." खोटं बोलत नव्हती. तिच्या मनाने तेवढंच धरून ठेवलं होतं.

तेराव्यानंतर बाबांनी मामांना बोलावून घेतलं. मामांनी एसी लावला, थर्मामीटर धरले. बारा अंश. त्यांनी हळूच मला विचारलं, "बटण कुणी बंद केलं होतं, पोरी?" माझी नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे आई भिंतीला टेकून उभी होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना समजलं.

"साहेब," ते बाहेर येऊन बाबांना म्हणाले, "कॉम्प्रेसर तापून बंद पडला होता. औंदा मी नीट तपासलं नाय. माझीच चूक हाय."

बाबा म्हणाले, "पुन्हा या दारात पाय ठेवू नका."

मी फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावले. "मामा, असं का सांगितलंत?"

लुनाला किक मारता मारता ते थांबले. "माझ्यावर राग धरून तुझी आई जगंल. सोतावर धरला, तर नाय जगायची. तू बी बोलू नको."

मी बोलले नाही. ही गोष्ट कॉलनीत पसरली, मग कॅम्पात. मामांना कामाला बोलावणं लोकांनी सोडलं, हे कानावर आलं तेव्हाही मी बोलले नाही.

पाच वर्षांनी एका सकाळी भाजी निवडता निवडता आईचे हात थांबले. "बटण मी बंद केलं होतं गं," ती म्हणाली. "तिला थंडी वाजत होती." मग बराच वेळ ती रडली. मीही तिला मामांनी काय केलं ते सगळं सांगितलं. डोळे पुसून ती उठली आणि म्हणाली, "चल. भाऊंकडे जाऊ." मामांना ती भाऊ म्हणायची.

देवळाली कॅम्पात विचारत विचारत आम्ही घर शोधलं. दार मामींनी उघडलं. मामांना जाऊन चार महिने झाले होते.

आईने उंबऱ्यातच त्यांचे पाय धरले. "वहिनी, त्यांची चूक नव्हती. मशीन चांगलं होतं. मी बंद केलं होतं."

 मामी आईजवळ उंबऱ्यातच खाली बसल्या.

"मला बी नाय सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकदा भांडणात मी त्यांना बोलले होते, तुमच्या हातून लोकाची पोर गेली म्हणून. तवा बी नाय सांगितलं."