डोळ्यांतलं आंबवण

धुकेमामांचं हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नाही, ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. सकाळी सहाच्या सुमारास कुणी बेकरीत डोकावलं, तर भट्टीसमोर एक ठेंगणा, गोलमटोल माणूस उभा दिसायचा आणि त्याच्या नाकावर दोन पांढऱ्याफेक चकत्या. भट्टीचं दार उघडलं की वाफेचा लोट अंगावर यायचा आणि मामांच्या जाड भिंगांवर धुकं धरायचं. मग पाव बाहेर काढायचे ते वासावर, अंदाजावर आणि मामींच्या भरवशावर. मामी म्हणजे त्यांची बायको; त्या मोठा ट्रे धरून शेजारी उभ्या राहायच्या. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. पाव झकास व्हायचे, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण पाव भट्टीत फुगतो कसा, त्याची पाठ उकलते कशी, हे मामांनी एकदाही धड पाहिलेलं नव्हतं आणि त्याची त्यांना मनापासून चुटपुट होती.

आणखी एक गोष्ट सलायची. पहिल्या खेपेतल्या एका तरी लांब पावाचं टोक रोज तुटलेलं निघायचं. मामांना हे काम शिकवणारे उस्ताद कडक होते. गरम पाव अजून आतून शिजत असतो, त्याला सुरी लावायची नाही आणि हात तर अजिबात नाही, असं त्यांनी बजावलेलं, आणि मामांनी ते जन्मभर पाळलं. त्यामुळे तुटकं टोक दिसलं की त्यांचा दिवस खराब व्हायचा. पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं त्यांनी यापायी तीनदा बदललं. आपल्याला दिसत नाही, धक्का लागत असणार, असं म्हणून ते स्वतःलाच चार शब्द सुनावायचे. मामी म्हणायच्या, जाऊ द्या हो, एवढं काय त्यात.

लेकीला पहिला पगार झाला आणि तिने बापाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन कॉन्टॅक्ट लेन्स घेऊन दिल्या. मामांनी आधी नाटकं केली. डोळ्यात बोट घालायचं या वयात? पण दुसऱ्या दिवशी भट्टीचं दार उघडलं आणि ते जे उभे राहिले ते उभेच राहिले. आत लालसर उजेडात पंधरा पाव हळूहळू अंग फुगवत होते. एकेकाच्या पाठीवरची चीर रुंदावत होती, कड सोनेरी होत होती. मामांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. त्यांनी मामींना हाक मारली आणि "बघ, बघ" एवढंच म्हणत राहिले. मामी सव्वीस वर्षं ते रोज बघतच होत्या, तरी त्याही वाकून बघू लागल्या.

त्या दिवसापासून तुटकं टोक बंद झालं. मामा छाती फुगवून सांगू लागले, बघा, दोष फावड्याचा नव्हताच, डोळ्यांचा होता. मामी मात्र सकाळच्या वेळी जरा घुम्यासारख्या वागायला लागल्या. होईल सवय, असं मामांनी मनात म्हटलं आणि पुन्हा भट्टीत डोकावले.

तीन आठवडे मजेत गेले. चौथ्यात दुपारपर्यंत डोळे चुरचुरायला लागले. पाचव्यात खडा गेल्यासारखं खुपू लागलं. सातव्यात डोळे असे लाल झाले की एका गिऱ्हाइकाने हळूच विचारलं, मामा, घरी सगळं ठीक ना? मामा कुणाला दाद देईनात. लेन्स काढली की पुन्हा धुकं, आणि धुक्यात परत जायची त्यांची तयारी नव्हती. शेवटी मामींनीच त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी डोळे तपासले आणि एकेक विचारत गेल्या. भट्टीसमोर किती वेळ? मामा अभिमानाने म्हणाले, पाव फुगेपर्यंत पापणी लवू देत नाही. बाईंनी मान हलवली. कोरडी, गरम हवा आणि त्यात न मिटलेले डोळे, म्हणजे लेन्स सुकणारच. लेन्स घालताना हात धुता? धुतो की, लिंबाच्या वासाच्या साबणाने, आणि एप्रनला पुसतो. एप्रनवर काय असतं? मैदा. मामी छताकडे बघायला लागल्या. दुपारी झोपता तेव्हा लेन्स काढता? आता तासाभरासाठी कोण काढत बसतं, मामा म्हणाले.

मग बाईंनी लेन्सची डबी मागितली. मामांनी ती खिशातून मोठ्या ऐटीत काढली. डबीतलं औषधी पाणी रोज बदलता ना, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मामांचा चेहरा खुलला, कारण हे काम ते मन लावून करत होते.

"टाकून कशाला द्यायचं? जुनं थोडं ठेवतो, वर नवं घालतो," ते म्हणाले. "रोज. एक दिवस चुकवलेला नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. पूर्ण रिकामी करून कधी भरली होती, असं त्यांनी विचारलं. कधीच नाही, मामा म्हणाले. दुकानातून आणली त्या दिवसापासून तेच मूळ आहे.

त्यांचं तरी काय चुकलं? बेकरीत एक मातीचं मडकं होतं. उस्तादांनी दिलेलं आंबवण त्यात होतं. त्यातून रोज पिठासाठी काढायचं, तळाशी थोडं ठेवायचं, त्यावर नवं पीठ-पाणी घालायचं. सव्वीस वर्षांत ते मडकं एकदाही रिकामं झालेलं नव्हतं आणि पावाला चव होती ती त्यामुळेच. ज्या माणसाने जन्मभर एवढी एकच गोष्ट सांभाळली, त्याच्या हातात पाण्याची डबी दिली तर तो दुसरं काय करणार? लेकीने माहितीचा कागद दिला होता, पण त्याची अक्षरं मुंगीएवढी होती आणि कागद ट्रेखाली कधीच गेला होता.

मामींनी मडक्याची ही गोष्ट सांगितली तेव्हा बाई हसल्या नाहीत, ही त्यांची कृपा. "मामा, मडक्यातले जे जंतू जगावेत म्हणून तुम्ही धडपडता ना," त्या म्हणाल्या, "ते डबीत मरावेत म्हणून हे पाणी असतं. रोज मुरलेलं पाणी तुम्ही रोज डोळ्यांना पाजलंत."

मामांनी डबीकडे पाहिलं आणि ते इतके ओशाळले की मामींना त्यांची दया आली. पंधरा दिवस लेन्स बंद, थेंब वेळेवर, आणि तेवढ्यात लाली गेली नाही तर लेन्सचा नाद कायमचा सोडायचा, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. लेन्स आणि डबी दोन्ही कचऱ्यात गेल्या. नव्या द्यायच्या की नाही ते पंधरा दिवसांनी ठरणार होतं.

धुकं परत आलं. दार उघडायचं, पांढरं व्हायचं, अंदाजाने फावडं घालायचं. मामांना जेवण गोड लागेना. आणि पहिल्याच सकाळी तुटकं टोकही परत आलं.

पण या वेळी मामा वेगळे होते. सात आठवडे त्यांनी पाव बघत बघत ऐकलेही होते. बाहेर काढलेला पाव गार होताना बारीक तडतडतो, तो आवाज त्यांना पाठ झाला होता. आणि आता, चष्मा पांढरा असताना, त्या तडतडीत त्यांनी एक वेगळा आवाज ऐकला. कट्. त्याच्या मागोमाग अगदी हळू चावल्याचा आवाज. ट्रे ज्या बाजूला होता, त्या बाजूने.

मामा जागच्या जागी थिजले. तीन फावडी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. मग त्यांना सकाळची घुमी मामी आठवली, आणि राग यायच्या ऐवजी त्यांना आतून असं हसू फुटलं की ते दाबायला त्यांना भट्टीत उगाच दोनदा फावडं ढकलावं लागलं. सव्वीस वर्षं ही बाई ऊन ऊन पावाचं टोक खातेय. आणि माझ्या एका नियमापायी बिचारीला ते चोरून खावं लागतंय. मामींना त्यांनी काही कळू दिलं नाही. चष्मा मात्र त्या पंधरा दिवसांत ते जरा सावकाशच पुसत राहिले.

थेंब त्यांनी घड्याळ लावून घातले. पंधराव्या दिवशी बाईंनी डोळे पाहिले आणि नव्या लेन्स दिल्या, सोबत दहा सूचना. बिनवासाचा साबण, स्वच्छ कोरडे हात, दुपारी झोपताना लेन्स बाहेर, डबीतलं पाणी रोज सगळं ओतून द्यायचं. हे शेवटचं मामांना फार जड गेलं. पहिल्या दिवशी पाणी ओतताना त्यांनी तोंड फिरवलं. आणि भट्टीसमोर मधूनमधून दहा वेळा सावकाश डोळे मिटायचे, नीट, पापणीला पापणी टेकेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीचं दार उघडलं. सगळं लख्ख दिसलं. डोळे ना चुरचुरले, ना खुपले. मामांनी पाव पोटभर पाहिले, फावड्याने एकेक ट्रेवर काढले आणि मग मामींकडे पाहिलं. मामी ट्रे घट्ट धरून समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या, अगदी शहाण्या मुलीसारख्या.

मामा वळून पाठमोरे झाले.

"दहा वेळा डोळे मिटायला सांगितलंय," ते म्हणाले. "सावकाश. वेळ लागेल."

आणि ते मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन. तीन. चारपर्यंत काहीच झालं नाही. पाचाला मागे कट् असा आवाज झाला. मामा थांबले नाहीत, दहापर्यंत गेले. डोळे उघडून वळले, तर मामी तुटकं टोक हातात धरून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पंधरा दिवस झाले," मामा म्हणाले. "तीन फावडी गेली गं माझी."

मामींनी टोकाचे दोन तुकडे केले. "आ करा," त्या म्हणाल्या.

मामांनी उस्तादांचं मनात नाव घेतलं आणि आ केला. वरून कुरकुरीत, आतून वाफाळता, जिभेला चटका देणारा. आपल्या हातचा गरम पाव आपण आयुष्यात पहिल्यांदा खातोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसत हसत हाशहुश करत राहिले.

आता तपासणीला गेले की डॉक्टरबाई दर वेळी विचारतात, डोळे मिटण्याचा व्यायाम होतो ना? रोज सकाळी होतो, न चुकता, मामा सांगतात. मामी शेजारच्या खुर्चीवर बसून पदराला लागलेला पावाचा चुरा हळूच झटकत असतात.