फटफट्यांची रांग
डिझेलचा वास आला की मला महागाव रस्त्यावरचा तो पंप आठवतो. माझ्या चुलतभावानं डिझेलची पिकअप घेतली होती. कापूस भरून ती निघाली की तिची धडधड आमच्या ओसरीपर्यंत यायची आणि माझ्या पोटात दुखायचं. मी भाजी नेण्याच्या जवळच्या फेऱ्यांसाठी विचार करून पेट्रोलची घेतली, तर तो हसला, “पिकअप घेतली का फटफटी बे?” त्यानंतर एकदा पंपावर तो नेमका समोर होता. त्याच्यादेखत पेट्रोलसाठी फटफट्यांच्या रांगेत उभं राहणं मला जमेना. मी त्याच्याच मागे गाडी लावली आणि पंपवाल्याला ठसक्यात म्हणालो, “डिझेल, फुल कर!” गावाच्या अलीकडेच पांढरा धूर सोडत गाडी बंद पडली. पुढे गेलेला तो परत फिरला, टाकीचं झाकण काढून त्यानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि दोर बांधून माझी गाडी गावात ओढत नेली. चौकात लोकांनी विचारलं, तर म्हणाला, “काही नाही बाप्पा, वायर तुटली त्याच्या गाडीची.” आज माझ्याकडेही डिझेलचीच पिकअप आहे, त्याच्यापेक्षा मोठी. पण त्याच्या त्या एका खोट्याची बरोबरी मला अजून करता आलेली नाही, आणि पोटात दुखतं ते आता त्याचंच.