रेइनोचे चाळीस टक्के

रेइनो कांगासला कुणीही विचारा, "कसं काय?" उत्तर ठरलेलं, "झकास." उद्या कुणी त्याचा पाय कापून नेला असता तरी हा झकासच म्हणाला असता. अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवराकाठच्या आम्हा सगळ्याच फिनिश लोकांना ही खोड आहे, पण रेइनोने अगदी हद्द केली होती.

व्हिएतनामच्या जंगलावर विमानांतून विषारी औषध फवारलं जायचं, तेव्हा हा पठ्ठ्या खाली होता. पुढे मधुमेह झाला, तो सरकारने लढाईच्या खाती धरला आणि वीस टक्के अपंगत्व लावलं. आता साखर अचानक कोसळायला लागली होती. इन्सुलिन, पथ्यपाणी होतंच, वर डॉक्टरांनी लाकडं फोडणं आणि एकट्याने सौनाच्या, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीच्या, वाफेत बसणं बंद करायला सांगितलं होतं. डॉक्टरांनीच अशी अंगमेहनत बंद केली असेल, तर विसाचे चाळीस होतात. तेवढी पेन्शन वाढली की सरपण विकायची गरजच उरणार नव्हती. पण ऐकतो कोण! कुऱ्हाड चालूच, शनिवारचा सौनाही चालूच.

टक्के वाढवायच्या सरकारी तपासणीच्या सकाळी माजी सैनिकांच्या हॉलवरच्या मार्वने त्याला बजावलं, "म्हाताऱ्या, तिथे मर्दानगी दाखवू नकोस. जे होतं ते सांग. नाहीतर बस विसावरच."

"मला अक्कल शिकवू नकोस," रेइनो गुरगुरला.

आणि तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कांगास साहेब, तब्येत कशी आहे?"

"झकास, मॅडम!"

शेजारी बसलेल्या आर्लीनने, त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला.

"चक्कर वगैरे येते का?"

"छे हो!"

"लाकडं बंद केलीत ना? आणि सौना?"

"सौना कसा बंद होईल? दर शनिवारी बसतो. आत मोठ्याने गाणी म्हणतो. हिला फार आवडतात. बर्फ पडत असला तरी बाहेर ओंडक्यावर बसून ऐकते."

बाई आर्लीनकडे वळल्या. "खरंच?"

"बसते हो. पण गाणी ऐकायला कोण बसतंय!" आर्लीनचा आवाज चिरकला. "मागच्या हिवाळ्यात हा आत बेशुद्ध पडला होता. मी फरफटत बाहेर काढला, हिरड्यांना मध चोळला. शुद्धीवर आल्यावर म्हणतो, डुलकी लागली होती! सौना सोड म्हटलं तर ऐकणार नाही. मग मी म्हटलं, गात जा रे, छान गातोस. गाणं थांबलं की मी दार उघडते. दर शनिवारी जीव मुठीत धरून बसते मी तिथे."

रेइनोने एकदा तिच्याकडे बघितलं आणि खुर्ची बाईंकडे सरकवली.

"मॅडम," तो म्हणाला, "मघाचं सगळं खोडा. खोटं बोललो मी."

मग सगळं बाहेर आलं. कुऱ्हाड हातात असताना डोळ्यांपुढे आलेला अंधार, दोनदा ढिगाऱ्याशेजारी पडणं, बायकोपासून लपवलेली खोक. बोलताना लाज वाटत होती, पण बोलून झाल्यावर छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. गाडीत बसल्यावर आर्लीन रडली, मग नाक पुसून म्हणाली, "बरं झालं बाई एकदाचं."

महिनाभरातच चाळीस टक्के मंजूर झाले. रेइनोने उरलेलं सरपण विकलं आणि कुऱ्हाड मार्वला देऊन टाकली. डॉक्टरांनी सौनालाही परवानगी दिली, पण मंद आचेवर आणि सोबतीला कुणीतरी हवंच.

त्या शनिवारी आर्लीन पहिल्यांदाच बाहेर न बसता आत त्याच्या शेजारी फळीवर टेकली. रेइनोने सवयीने घसा खाकरला आणि सूर लावला.

"ए, गप की मेल्या," ती डोळे मिटून म्हणाली. "आता मी इथेच आहे ना."