भूपालअण्णांनी पाठवलेली गाणी

सकाळी साडेपाचला फोन वाजायचा आणि डोळे न उघडता मला कळायचं, भूपालअण्णांनी नवीन गाणं पाठवलंय. आंघोळ होईपर्यंत दुसरं यायचं. शाळेत पोचलो की अण्णा स्टाफरूमच्या दारातच उभे. "ऐकलासा का, सर?"

निपाणीच्या आमच्या हायस्कुलात ते गणित शिकवत, मी मराठी. अण्णांचं घर जैन शेतकऱ्याचं, शिक्षण चिकोडीच्या कन्नड शाळेत. स्वतः लिहून स्वतः गाणारी माणसं ते मोबाइलवर हुडकून काढायचे. सत्तरी ओलांडलेल्या नामवंत गायकाचं कालचं गाणं आणि कुणा कंडक्टरनं घरात रेकॉर्ड केलेलं पहिलंवहिलं गाणं, दोन्ही त्यांना सारखीच. "ज्याचं दुखनं त्येच्याच गळ्यातनं आलं पायजे," असं म्हणायचे. माझं दुखणं म्हणजे अण्णाच होते. मी दाढ काढून घेतली, तर दवाखान्यात शेजारी बसून त्यांनी माझ्या कानात इयरफोन खुपसला. "तोंड सुजलंय, कान न्हाय की!"

शेवटी मी न ऐकताच 'छान' लिहायला लागलो. एकदा त्यांनी विचारलं, "तिसरं कडवं कसं वाटलं?"

"उत्तम."

"दोनच कडवी हायत, सर."

सगळी स्टाफरूम हसली. अण्णा हसले नाहीत. मी त्यातून एवढंच शिकलो की खोटं बोलताना कडव्यांच्या भानगडीत पडू नये.

बेळगावात वडगावला रेणुका नावाची मुलगी पॉवरलूमवर साड्या विणायची आणि गाणी रचायची. तिचं नवं गाणं पाठवून अण्णांनी लिहिलं, 'शब्द बघून सांगा. पोरगी थांबलीया.' मी पेपर तपासत होतो. वैतागून लिहून टाकलं, 'अप्रतिम. एक शब्दही बदलू नये.'

ते गाणं तिच्या थोरल्या बहिणीच्या सासुरवासावर होतं, नावागावासकट. नाव ठेवावं की काढावं, एवढंच तिला विचारायचं होतं. मराठीचे सरच म्हणाले म्हणून तिनं गल्लीतल्या कार्यक्रमात ते तसंच गायलं. बहिणीचा दीर पुढच्या रांगेत होता. त्या दिवसापासून बहिणीचं माहेर तुटलं.

अण्णा रिकाम्या वर्गात माझ्यासमोर येऊन बसले. "तुमी ऐकलंच न्हवतं. व्हय न्हवं?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"मला चाल कळती, सर. मराठी शब्दांतलं बारीकसारीक कळत न्हाय. म्हनून तुमच्याकडं धाडत हुतो. तुमाला वाटलं, हौस हाय माझी."

पुढच्या रविवारी आम्ही दोघे वडगावला गेलो. रेणुकानं माग बंद केला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "गायलं मीच, सर. पर तुमी ऐकलं असतं, तर अडवलं असतं मला." मग तिनं नाव काढून ते गाणं आमच्यासमोर म्हटलं. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं आणि गावाची खूण सांगणारी एक ओळ अजून राहिलीय, ती दाखवली. तिनं ती खोडली. पुढं पाच महिन्यांनी बहिणीचा चोरून एक फोन आला. माहेरी ती अजून आलेली नाही.

त्यानंतर अण्णांनी मला गाणी पाठवणं बंद केलं. सकाळी मी उगाचच फोन बघायचो आणि त्याचाही वैताग यायचा.

यंदा मे महिन्यात ते निवृत्त झाले आणि हुबळीला मुलाकडं निघाले. निपाणी स्टँडवर मी सोडायला गेलो. बस हलली, तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "संकेश्वरच्या एक बाई हायत, लई दिवसांनी कुनीतरी नवं लिवलंय! धाडू काय?"

"धाडा!" मी ओरडलो.

गाणं लगेच आलं. स्टँडच्या गोंगाटात, कानावर तळवा दाबून, मी ते गाणं दोनदा ऐकलं. मग लिहिलं, 'चाल तुम्ही बघा. दुसऱ्या कडव्यातली शेवटची ओळ खोटी आहे. बाईंना सांगा, आधीच्या ओळीवरच थांबा.'

बस तवंदीचा घाट चढत असेल, तेव्हा उत्तर आलं. 'आत्ता कसं बोललासा!'