संत्रा बर्फी

ऑफिसात कोणी संत्रा बर्फीचा डबा उघडला की मला पारशिवनीकडचं मामीचं गाव आठवतं. तिथे औषधाचं दुकान नव्हतं. इन्सुलिन आणायला मामी थर्मासात बर्फ घालून बसने तालुक्याला जायची. त्यामुळे गावात सरकारी योजनेतून मेडिकल उघडतंय म्हटल्यावर ती ठेवणीतली साडी नेसून, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन निघाली आणि मी तिच्यासोबत गेलो. मंडपात झेंडू आणि ताज्या ऑइलपेंटचा वास कोंडला होता. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, आता औषधासाठी वणवण संपली म्हणून भाषण ठोकलं. मामीने काउंटरवर चिठ्ठी ठेवली, तर दुकानातला माणूस ती न बघताच म्हणाला, "आज फक्त उद्घाटन आहे, माल नंतर येईल." फळ्यांवर खोकी नीट रचलेली होती, मी एक उचललं, ते रिकामं निघालं. फ्रिज तेवढा चालू होता आणि त्यात बर्फीचे डबे होते. पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे बघत त्यातली एक वडी मामीच्या हातात कोंबली, "घ्या, तोंड गोड करा." मामी म्हणाली, "मले गोड चालत असतं, तं मी इथं आलीच कायले असती भाऊ?" फोटोवाल्याने तिला जरा हसायला सांगितलं. माल कधी आलाच नाही. परवा गेलो तेव्हा शटर गंजलेलं होतं, पण वरचा फ्लेक्स शाबूत होता: बर्फी धरलेली मामी, आणि खाली मोठ्या अक्षरात 'समाधानी लाभार्थी'.