आतोबांच्या अंगठीचा कौल

आमच्या आतोबांनी जेवढी लग्नं जुळवली, तेवढी नाशिकमधल्या एकाही वधूवर सूचक मंडळाने जुळवली नसतील. फरक एवढाच, की आतोबांची सगळी स्थळं पिंजऱ्यात राहत. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि इंदिरानगरच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी लव्हबर्ड पाळायला सुरुवात केली. या पक्ष्यांत नर आणि मादी दिसायला इतके सारखे, की त्यांचं त्यांना तरी कसं कळतं, असा प्रश्न मला पडे. आतोबांना तो कधीच पडला नाही. आत्याची लग्नातली अंगठी दोऱ्याला बांधून ते पक्ष्याच्या डोक्यावर धरत. अंगठी गोल फिरली तर मादी, सरळ रेषेत हलली तर नर. आत्याने अंगठी मागितली की म्हणत, "घालतेस काय, ती कामात आहे."

लोक लांबलांबून या कौलासाठी येत. सायखेड्याचा एक फुलशेतकरी गुलछडी बाजारात टाकून परस्पर गॅलरीत हजर होई. त्याला आतोबांनी छातीठोकपणे एक नर दिला होता. महिन्याभराने तो आला आणि शांतपणे म्हणाला, "काका, तुमचा नर अंडी घालतोय. लय गुणाचा हाय."

"मग तो नर नाही," आतोबा त्याच्याइतक्याच शांतपणे म्हणाले. चूक अर्थातच पक्ष्याची होती.

त्यांची लाडकी जोडी म्हणजे श्रीपतराव आणि सगुणा. या दोघांचं लग्न त्यांनी रीतसर लावलं. हातरुमालाचा अंतरपाट धरला आणि स्वतःच्या आवाजात मंगलाष्टका म्हटल्या. तरीही वधूवर पळाले नाहीत. पुढे अंडी भरपूर झाली. दोघं आळीपाळीने आणि कधी एकदमच अंड्यांवर बसत. पिल्लू मात्र एकाही अंड्यातून येईना. आतोबांनी आधी शेजाऱ्यांच्या मिक्सरला दोष दिला, मग आत्याच्या फोडणीला. कितीतरी दिवस आम्ही त्या घरी बिनफोडणीची आमटी जेवलो. आत्याला मूलबाळ नव्हतं. आतोबा सुताराकडून पाळणाघर म्हणून मोठा पिंजरा करून घेत, "नातवंडं येतील," असं सांगत, तेव्हा मला हसू यायचं आणि लगेच वाईटही वाटायचं.

शेवटी कुणीतरी सांगितलं, की हल्ली पिसावरून डीएनए तपासून नर की मादी ते सांगतात. आतोबा तडक ओळखीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बाहेर पोटुशा बायका बसलेल्या, आणि हे दारातून म्हणाले, "लिंगनिदान करून पाहिजे. दोघांचंही करा. आम्हाला एकेक असलं म्हणजे झालं." बाईंनी पांढऱ्याफटक चेहऱ्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खुलासा झाल्यावर त्यांनीच एका प्रयोगशाळेचा पत्ता मिळवून दिला. आतोबांनी पिंजऱ्याखाली गळलेली पिसं धाडली. तिकडून निरोप आला, गळलेली चालत नाहीत, मुळासकट उपटलेली हवीत. मग आत्याने पक्षी धरले, आतोबांनी डोळे मिटून पिसं उपटली आणि वर हळद लावली. लग्नात राहिलेली हळद अशी लागली.

निकाल फोनवर आला. "दोन्ही माद्या?" असं आतोबांनी दोनदा विचारलं आणि रिसीव्हर उलटा ठेवला.

सायखेडेकराने तोडगा काढला. "काका, श्रीपतरावाला मी नेतो. माझ्याकडं तपासलेले नर हायेत. एक तिला व्हईल, एक तुमच्या सगुणेला आणून देतो. दोन्ही घरी पिल्लं."

आतोबांना पिल्लं हवी होती, फार हवी होती. त्यांनी मान हलवली. श्रीपतराव टोपलीत गेले. सगुणा जाळीला लटकून जी ओरडू लागली, ती थांबेना. तो माणूस जिना उतरला. आतोबा गॅलरीत पाठमोरे उभे होते.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो," ती म्हणाली, "सासूबाईंनी हेच सुचवलं होतं. मला माहेरी पोचवा आणि दुसरी आणा म्हणून. तेव्हा तुम्ही टांगा अर्ध्या वाटेतून परत आणलात."

आतोबा बनियनवरच खाली धावले. फाटकाशी त्यांनी टोपली धरली आणि म्हणाले, "राहू दे रे. हे जुळलेलं स्थळ आहे."

वर आल्यावर श्रीपतरावांना त्यांनी पिंजऱ्यात सोडलं. मग दोऱ्यातून अंगठी सोडवून आत्यापुढे धरली. इतक्या वर्षांत तिचं बोट जाड झालं होतं. सांध्याशी अंगठी अडली, तेव्हा त्यांनी साबण लावून, हळूहळू फिरवत ती बसवली. आत्या लाजली, हे मी पाहिलं. त्यानंतर आतोबांनी एकही लग्न जुळवलं नाही. श्रीपतरावांचं नावही शेवटपर्यंत बदललं नाही.

आता आतोबा नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. आत्याच्या घरी पुन्हा फोडणीची आमटी होते. ती अंगठी काही तिच्या बोटातून निघत नाही, आणि साबण लावून बघू या असं आमच्यापैकी कुणी म्हणत नाही.